दिवसाचा व्यायाम आणि रात्रीची कूस: पार्किन्सन्सच्या एका रुग्णाच्या अठरा आठवड्यांची नोंद

एका कारखान्यात चौतीस वर्षे टर्नर म्हणून काम करून निवृत्त झालेले, चिंचवडला राहणारे ६७ वर्षांचे एक गृहस्थ न्यूरोलॉजिस्टची चिठ्ठी घेऊन माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी आले, तेव्हा चिठ्ठीवर ‘चाल व तोल’ एवढेच लिहिलेले होते. झोपेचा उल्लेख त्यात नव्हता आणि त्यांनी स्वतःही तो केला नाही. तपासणी आटोपल्यावर त्यांच्या बुटांचे बंद बांधायला वाकलेल्या त्यांच्या पत्नी सहज बोलून गेल्या, “ह्यांचं चालणं एकवेळ परवडलं हो, पण रात्री पाच-पाच वेळा उठून ह्यांना कुशीवर वळवायचं, ते आता माझ्याच्यानं होत नाही.” पुढची अठरा आठवड्यांची नोंद या वाक्यापासून सुरू होते. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील तिच्यातून गाळले आहेत.

पार्श्वभूमी

पार्किन्सन्सचे, म्हणजे कंपवाताचे, निदान होऊन सहा वर्षे झाली होती. सुरुवात उजव्या हाताच्या कंपाने झाली होती. आता दोन्ही बाजूंना ताठरपणा होता, वळताना पावले अडखळत, परंतु आधाराशिवाय उभे राहता येत होते. आजाराची पायरी ठरवण्यासाठी १९६७पासून वापरात असलेल्या होन-यार श्रेणीत ते दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या सीमेवर होते. मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींसाठी लागणारे रसायन, पुरवणारी लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी ते सकाळी ७ व ११, दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ वाजता घेत, आणि तिच्या जोडीला दिवसातून तीनदा प्रामिपेक्सोल, हे डोपामिनसारखे काम करणारे औषध. शेवटची गोळी संध्याकाळी सातला आणि पुढची थेट दुसऱ्या दिवशी सातला, म्हणजे मध्ये बारा तासांची पोकळी. लेव्होडोपाचे रक्तातील प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येते. आजाराच्या सुरुवातीच्या काळात मेंदूतील शिल्लक पेशी डोपामिन साठवून ठेवत असल्यामुळे ही घसरण जाणवत नाही. पेशी कमी होत गेल्या की गोळीचा अंमल आणि गोळीची वेळ एकमेकांना चिकटतात. मध्यरात्रीनंतर हे गृहस्थ व्यवहारतः औषधाविना झोपत होते.

झोप बिघडण्याचे कारण त्यांनी स्वतःपुरते ठरवून टाकले होते. आयुष्यभर तिन्ही पाळ्या केल्या, रातपाळीने झोप नासली, असे ते म्हणत. त्यात तथ्य नव्हते असे नाही, पण या समजुतीमुळे सहा वर्षांत कोणत्याही डॉक्टरांपुढे झोपेचा विषय निघाला नव्हता. वास्तविक झोपेची तक्रार या आजाराइतकीच जुनी आहे. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली आपल्या निबंधात या आजाराचे वर्णन केले, त्यातच आजार वाढल्यावर झोप फार विस्कळीत होते आणि हातापायांचा कंप रुग्णाला जागे करतो, हे नमूद आहे. दोनशे वर्षांनंतरही आपल्याकडच्या चिठ्ठीवर ‘चाल व तोल’ एवढेच येते, याचे मला नवल वाटते.

पत्नीकडून आणखी एक गोष्ट कळली. निदानाच्याही चार-पाच वर्षे आधीपासून ते झोपेत ओरडत आणि हात झाडत. स्वप्न बहुतेक एकच असे: लेथवर जॉब फिरतो आहे, चकची (जॉब धरणाऱ्या पकडीची) चावी चकमध्येच राहिली आहे, आणि ती उडून अंगावर येते आहे. “चावी काढ, चावी काढ!” असे ओरडून ते हात आडवा मारत, एकदा तो पत्नीच्या गालावर बसला होता. स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेम अवस्थेत, मेंदूच्या खोडाकडून स्नायू एरवी शिथिल ठेवले जातात. ही व्यवस्था बिघडली की माणूस स्वप्न प्रत्यक्ष वठवू लागतो. या विकाराचे वर्णन अमेरिकेत मिनियापोलिस येथील शेंक आणि माहोवाल्ड यांनी १९८६मध्ये केले, आणि तो पार्किन्सन्सची इतर लक्षणे दिसण्याच्या कित्येक वर्षे आधी सुरू होऊ शकतो, हे पुढे स्पष्ट झाले. घरात मात्र तो ‘कारखान्याचा धसका’ म्हणूनच ओळखला जात होता.

दुधाच्या हिशोबाची वही

पहिले दोन आठवडे कोणताही व्यायाम न देता मी फक्त नोंद ठेवायला सांगितली. रुग्णाला विचारले तर रोज सकाळी “बरी झाली झोप” हेच उत्तर मिळे, म्हणून नोंदीचे काम पत्नीकडे दिले. त्यांनी दुधाच्या हिशोबाच्या वहीची मागची पाने त्यासाठी वापरली. एका रात्रीची नोंद अशी आहे: “१०.१५ झोपले. १२.३० हाक मारली, उजवीकडे वळवलं. १.५० बाथरूम. २.४० परत वळवलं. ३.३० ओरडले, चावी. ४.२० डावा पाय आखडला, बोटं आत वळली, चोळला. ५ नंतर झोप नाही. दुपारी जेवल्यावर २ तास.”

झोप खराब, या दोन शब्दांत जे काही कोंबले जात होते ते या एका नोंदीने सुटे केले. सलग झोप न लागणे आणि दुपारी त्याची भरपाई होणे ही एक गोष्ट. अंथरुणात कूस बदलता न येणे ही दुसरी. पहाटे पाय आखडणे ही तिसरी, जी औषध उतरल्याची खूण असते. आणि स्वप्नात हात झाडणे ही चौथी. लघवीसाठी एकदा उठणे या वयात मी फारसे मनावर घेतले नाही. प्रोस्टेटची तपासणी पूर्वीच झालेली होती. ‘व्यायामाने झोप सुधारते’ हे वाक्य मी स्वतः असंख्य रुग्णांना ऐकवले आहे. या वहीनंतर ते तसेच्या तसे उच्चारणे मला अवघड वाटू लागले, कारण या चारांपैकी कोणती झोप सुधारणार, याचे उत्तर त्या वाक्यात नाही.

व्यायाम द्यावा याला आधार भक्कम होता. अमेरिकेत अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात एमी अमारा आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सन्सच्या ५५ रुग्णांवर एक नियंत्रित चाचणी केली. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरील, नियमित व्यायाम न करणारे हे रुग्ण चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले गेले: २७ जणांना १६ आठवडे, आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली जोरकस व्यायाम, २८ जणांना झोपेच्या सवयींविषयी मार्गदर्शन. झोपेचे मोजमाप रुग्णांच्या सांगण्यावर न सोडता रात्रभराच्या पॉलिसोम्नोग्राफीने, म्हणजे झोपेत मेंदू व शरीराची नोंद घेणाऱ्या यंत्र-तपासणीने, केले होते. अंथरुणात घालवलेल्या वेळापैकी प्रत्यक्ष झोपेचा वाटा व्यायामाच्या गटात स्पष्टपणे वाढला. एकूण झोप आणि गाढ झोपही वाढली, मध्येच जागे राहण्याचा वेळ घटला. मला यातला सर्वांत उपयोगी निष्कर्ष असा वाटतो की हा फायदा अनेक आठवड्यांच्या सातत्याने दिसला, एखाद्या दिवसाच्या व्यायामाने त्या रात्रीची झोप सुधारली नाही. आपल्याकडे रुग्ण आठ दिवस व्यायाम करून ‘काही फरक नाही’ म्हणून थांबतो, त्याला हे आधीच सांगून ठेवले पाहिजे.

माझी चूक

तिसऱ्या आठवड्यापासून व्यायाम सुरू झाला आणि वेळ ठरवताना मी चुकलो. उन्हाळ्याचे दिवस होते, त्यांना पूर्वीपासून पहाटे फिरण्याची सवय होती, म्हणून घरचे चालणे सकाळी सव्वासहाला ठेवले. पहिली गोळी सातला होती. म्हणजे बारा तासांची पोकळी जेथे सर्वांत खोल असते, नेमक्या त्या क्षणी मी त्यांना रस्त्यावर पाठवत होतो. चौथ्या दिवशी सोसायटीच्या फाटकाजवळ गतिरोधकावर पाय घासून ते पडता पडता वाचले, वॉचमनने धरले. वेळापत्रक माझ्यासमोर होते आणि तरीही मी घड्याळाकडे पाहिले, गोळीकडे नाही.

त्यानंतर क्रम बदलला. सातला गोळी, सोबत चहा आणि एखादे बिस्किट, आठला व्यायाम, आणि नाश्ता नऊला. कारण प्रथिने जास्त असलेले खाणे लेव्होडोपाच्या शोषणात आड येते. आठवड्यातून तीन दिवस माझ्या देखरेखीखाली सुमारे ५० मिनिटे आणि उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस मोकळ्या मैदानात चालणे, असे ठरले. केंद्रावर स्थिर सायकल, पायरीवर चढ-उतार, हातात वजन घेऊन खुर्चीतून उठबस, टाचा उचलणे, आणि धड फिरवण्याचे व्यायाम होते. उठबस तीन किलोच्या पिशवीने सुरू केली, सोळाव्या आठवड्यापर्यंत ती दहा किलोवर गेली. श्रम किती असावेत याची खूण साधी ठेवली: छोटे वाक्य बोलता यावे, गाणे म्हणता येऊ नये. रक्तदाब मात्र प्रत्येक वेळी आडवे आणि उभे असे दोन्ही पाहिले, कारण पहिल्याच तपासणीत तो उभे राहिल्यावर १३८वरून ११६वर आला होता. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला तर चक्कर येऊन पडण्याचा धोका गृहीत धरावा लागतो. त्यामुळे चटईवरून उठताना आधी बसायचे, पाणी प्यायचे आणि मग उभे राहायचे, हा नियम त्यांना पाळावा लागला. सुरुवातीला त्यांना त्याचा राग येई.

वहीत काय दिसले

व्यायामाच्या पहिल्या आठवड्यात रात्री आणखी बिघडल्या. पोटऱ्यांत गोळे आले, अंग दुखले, आणि पत्नीने वहीत “व्यायाम झेपत नाही बहुतेक” असे लिहिले. व्यायामाच्या चौथ्या आठवड्यापर्यंत रात्रीच्या नोंदी जवळजवळ जशाच्या तशा होत्या, पण दुपारची झोप दोन तासांवरून पाऊण तासावर आली होती, आणि तीही आपोआप. हा बदल रात्रीच्या आधी दुपारी दिसला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सातव्या आठवड्याच्या सुमारास रात्रीचा पहिला टप्पा लांबला: पहिली हाक साडेबाराऐवजी दोनच्या पुढे जाऊ लागली. हाक कमी झाली ती कूस बदलता येऊ लागल्यामुळे नव्हे, तर त्यांना तोपर्यंत जागच येत नव्हती म्हणून. जाग आल्यावर मात्र ते पूर्वीसारखेच उताणे अडकून पडत.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. निरोगी माणूस रात्रीत अनेकदा कूस बदलतो आणि सकाळी त्याला ते आठवतही नाही. पार्किन्सन्समध्ये धड एकसंध होते. खांदे, कंबर आणि पाय एकापाठोपाठ एक न वळता लाकडाच्या ओंडक्यासारखे एकत्र वळवावे लागतात, आणि तेवढा जोर औषध उतरलेल्या शरीरात नसतो. मी त्यांना केंद्रावर कूस बदलण्याची रीत शिकवली होती: गुडघे दुमडा, कंबर उचलून विरुद्ध बाजूला सरकवा, गुडघे पाडा, हात पलीकडे न्या, मान शेवटी. सकाळी नऊला, गोळीचा अंमल भरात असताना, ते हे उत्तम करत. रात्री दोनला त्यांना यातले काहीही जमत नसे. मी काही आठवडे हे सरावाच्या कमतरतेवर टाकले. मग त्यांच्याच एका वाक्याने डोळे उघडले. ते म्हणाले, “साहेब, मशीन गरम असताना सेटिंग करून काय उपयोग, माप थंड असताना चुकतंय.”

कूस बदलण्याचा सराव त्या दिवसापासून केंद्रावर बंद केला. सकाळी सातच्या गोळीपूर्वी, स्वतःच्या पलंगावर, अंगात ताठरपणा असतानाच पाच-सहा वेळा तो करायचा, पत्नीने फक्त शब्द उच्चारायचे: “गुडघे. कंबर. गुडघे पाड. हात. मान.” जोर वाढवणारे व्यायाम औषध चालू असताना आणि अंथरुणातील हालचाल औषध उतरलेले असताना, अशी ही विभागणी झाली, आणि या प्रकरणातून माझ्या कामात कायमचा उतरलेला बदल हाच आहे.

त्याच सुमारास अंथरूणही पाहिले. जाड गोधडी, खाली खरखरीत सुती चादर, अंगात बनियन आणि जाड लेंगा: कापडाला कापड धरून बसे. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. अशाच एका ओळखीच्या शुभंकर बाईंनी पत्नीला जुनी नायलॉनची साडी सुचवली. ती चौपदरी करून कमरेखाली येईल अशी आडवी पसरली आणि टोके गादीखाली दाबली. पलंगाच्या कडेपर्यंत ती नेऊ नये यावर मी भर दिला, कारण कमरेला जे घसरणे मदत करते तेच उठताना कडेवरून खाली आणते. गोधडीऐवजी हलके पांघरूण आले.

पलंगाला धरायला काहीतरी हवे होते. बाजारातली लांब कठडी मला नको होती. तिच्या फटीत हात किंवा मान अडकण्याचा धोका असतो. रुग्णाने वहीच्याच एका पानावर आखूड मुठीचे रेखाटन मापांसह काढून दिले, आणि जेथे पकड येते तेथे ‘नर्लिंग’ असे लिहून बाण दाखवला, म्हणजे घामेजला हात सुटणार नाही. वेल्डिंगवाल्याने ती मूठ करून दिली, तिच्यावरचे बारीक चौकटीदार खाचे जुन्या सहकाऱ्याने लेथवर पाडून दिले. मुठीची उंची दोनदा बदलावी लागली. दहाव्या आठवड्यात वहीत प्रथमच “२.३० स्वतः वळले, मला आवाजाने जाग आली” अशी नोंद आहे; सोळाव्या आठवड्यापर्यंत पत्नीला उठावे लागणे रात्रीतून सरासरी एकदाच उरले.

जे व्यायामाने बदलले नाही

पहाटे पाय आखडणे तसूभरही कमी झाले नाही. ते औषधाचे काम होते. वहीच्या प्रती न्यूरोलॉजिस्टना पाठवल्यावर बाराव्या आठवड्यात त्यांनी झोपताना सावकाश विरघळणारी लेव्होडोपाची गोळी सुरू केली, आणि आखडणे आठवड्यातून एक-दोनदावर आले. ही गोळी कूस बदलण्यालाही मदत करणारच. त्यामुळे बाराव्या आठवड्यानंतरच्या सुधारणेचे श्रेय मी मुठीला किंवा सरावाला एकट्याला देत नाही. दहाव्या आठवड्यातली नोंद मात्र गोळीच्या आधीची आहे.

याच दरम्यान एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. आठव्या-नवव्या आठवड्यात स्वप्ने अचानक वाढली आणि दुपारी अंगाला आपोआप, नको असताना वळसे पडू लागले. वहीत कारण सापडेना. शेवटी कळले की गावाहून आलेल्या मेहुण्यांनी खाजकुहिलीच्या बियांचे चूर्ण आणून दिले होते आणि ते रात्री दुधातून दिले जात होते. खाजकुहिलीत नैसर्गिक लेव्होडोपा असते. कंपवातावर तिचा वापर आयुर्वेदात जुना आहे, आणि म्हणूनच ती चालू गोळ्यांवर गुपचूप चढवणे म्हणजे मात्रा वाढवणेच होय. मेहुण्यांचा हेतू चांगला होता, चूर्णही बनावट नव्हते. न्यूरोलॉजिस्टच्या सल्ल्याने ते थांबवले.

स्वप्नातल्या चावीवर व्यायामाचा काहीही परिणाम दिसला नाही. न्यूरोलॉजिस्टनी मेलाटोनिन, हे झोपेशी संबंधित संप्रेरक, दिले. हात झाडणे कमी झाले, ओरडणे राहिले. सुरक्षिततेचा प्रश्न येथे वेगळाच गुंतागुंतीचा होता. झोपेत पडू नये म्हणून पलंग खाली आणावा, तर गुडघे ताठर असलेल्या माणसाला तेवढ्या खालून उठता येत नाही. शेजारी जमिनीवर गादी टाकावी, तर रात्री बाथरूमला जाताना तिलाच पाय अडकतो. शेवटी उंची गुडघ्याइतकीच ठेवली, पलंग एका बाजूने भिंतीला लावला, उशाजवळचे स्टीलचे स्टूल आणि काचेचा दिवा हलवला, आणि पत्नीचा पलंग हातभर अंतरावर वेगळा केला. या शेवटच्या गोष्टीला त्या सहजासहजी तयार झाल्या नाहीत.

काय म्हणता येते

बर्मिंगहॅमच्या चाचणीत गाढ झोप वाढल्याचे यंत्राने मोजले होते. आमच्याकडे पॉलिसोम्नोग्राफी झालेली नाही, त्यामुळे या रुग्णाची गाढ झोप वाढली असे मी म्हणू शकत नाही. पहिली सलग झोप लांबली आणि दुपारची झोप घटली, एवढे वहीवरून म्हणता येते, आणि हे दोन्ही बदल साडी, मूठ व रात्रीची गोळी येण्यापूर्वीचे आहेत. त्यातही सकाळचे ऊन, घराबाहेर पडणे आणि आठवड्यातून तीनदा कोणीतरी वाट पाहत असणे, यांचा वाटा व्यायामापासून वेगळा काढण्याचा उपाय माझ्याकडे नाही.

अठरा आठवडे संपल्यावर गणपतीत घरी पाहुणे होते आणि व्यायाम बारा दिवस बंद राहिला. पहिल्या आठवड्यात फरक पडला नाही. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस पहिली हाक पुन्हा एकच्या आसपास येऊ लागली आणि दुपारची झोप तासावर गेली. कूस बदलणे मात्र टिकले, कारण तो सराव पाहुण्यांतही सकाळी अंथरुणातच होत होता. सध्या ते आठवड्यातून दोनदा केंद्रावर येतात. दिवसा पेंग येण्यात प्रामिपेक्सोलचा वाटा असू शकतो, म्हणून त्याची मात्रा कमी करून पाहण्याचे न्यूरोलॉजिस्टनी ठरवले आहे, आणि त्यासाठी पत्नीने वहीत दुपारचा एक नवा रकाना आखला आहे.